चौतीस चित्रं

पाण्याचा पेला ओठाला लावला आणि पाणी आत न जाता शर्टाच्या बटणांवरून खाली ओघळलं, तेव्हा अमरसिंह सरनोबतांना कळलं, की आपला डावा ओठ अजून आपल्याकडं परत आलेला नाही. दवाखान्यातल्या स्नेहलनं टिश्यूचा कागद पुढं केला. "सर, दोन-तीन तास असंच राहणार. ओठ चावू नका, कळायचं न्हाय तुमास्नी," ती म्हणाली. त्यांनी मान हलवली. रूट कॅनॉलची दुसरी बैठक होती. जरा गरगरल्यासारखं वाटत होतं म्हणून ते बाहेरच्या बाकावर बसून राहिले. समोर काचेपलीकडं राजारामपुरीची दुपार चालली होती. रिक्षा, दुचाक्या, पाठीवर दप्तरं घेऊन एका क्लासमधून दुसऱ्या क्लासला जाणारी पोरं. त्यांनी गालाला बोट लावून पाहिलं. बोटाला गाल लागत होता, गालाला बोट लागत नव्हतं. ही गंमत दोन-तीनदा करून झाल्यावर वेळ घालवायचा म्हणून त्यांनी मोबाइल काढला आणि सकाळी एका नियतकालिकाकडून आलेला मेल उघडला. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी वर्षाकाठी पाच-सहा शोधनिबंध त्यांच्याकडं तपासायला येत. पुण्याची संस्था सोडून ते बायकोच्या, क्रांतीबाईंच्या हट्टानं कोल्हापुरात टाकाळ्यावरच्या या घरात राहायला आले होते आणि आता त्यांच्या शास्त्रज्ञपणाचं एवढंच काय ते उरलं होतं. सारांश त्यांनी सवयीनं वाचला, दोन वेळा बोट सरकवलं, आणि दुसरी आकृती समोर आली. काळसर पार्श्वभूमीवर पिवळे ठिपके, शे-दीडशे. काही लाल केलेले, काही निळे. त्यांनी ती पुढं सरकवली, थांबले, पुन्हा मागं आणली. हे चित्र त्यांच्या ओळखीचं होतं, आणि तरी ते त्यांनी याआधी कधी पाहिलेलं नव्हतं.

या ठिपक्यांवर त्यांची तीस वर्षं गेली होती. घरी आलेल्या पाहुण्यांनी विचारलं की ते हौसेनं समजावून सांगत. काही धातू फार फार थंड केले की त्यांतून वीज अजिबात अडथळा न होता वाहते, त्यांना अतिवाहक म्हणायचं. असल्या धातूवर चुंबक धरला तर पुष्कळदा चुंबकाचं क्षेत्र बारीक बारीक धाग्यांनी आत शिरतं. प्रत्येक धाग्याभोवती वीज गोल फिरत राहते, म्हणून त्याला भोवरा म्हणायचं. हे भोवरे एकमेकांना लांब ढकलतात. सगळेच सगळ्यांना ढकलणारे, त्यामुळं शेवटी ते एका नेमक्या त्रिकोणी जाळीत उभे राहतात, प्रत्येकाला सहा शेजारी. चुंबक वाढवत नेला, की कुठंतरी एकाच्या वाट्याला पाच शेजारी येतात आणि लगतच्याच्या वाट्याला सात. तिथून जाळी बिघडायला लागते. पाहुणे इथवर ऐकत आणि मग क्रांतीबाई चहा आणत. खरा प्रश्न त्याच्या पुढचा होता, आणि तो पाहुण्यांना सांगण्याजोगा नव्हता. ही जाळी एका फटक्यात मोडते, की दोन टप्प्यांत? सरनोबतांचं उत्तर होतं, एका फटक्यात. त्या उत्तरावर त्यांचा निबंध होता आणि त्या निबंधावर त्यांचं नाव होतं; परदेशातले लोकसुद्धा 'सरनोबतांचं म्हणणं' असं लिहीत. आणि आता हातातल्या मोबाइलवर तीन देशांतली सहा अनोळखी माणसं चित्रं पुढं ठेवून सांगत होती, की नाही, दोन टप्पे आहेत. आधी ओळी तुटतात, ठिपके जागेवरून घसरतात, पण अजून सगळ्यांची दिशा एकच राहते. ती दिशा जाते फार पुढं. मधल्या या अवस्थेतली जाळी धड शाबूतही नसते आणि धड मोडलेलीही नसते.

मधली अवस्था. हा शब्द त्यांनी सोळा वर्षांपूर्वी ऐकला होता. महादेवी हिरेमठच्या तोंडून.

ती गडहिंग्लजची. वडील रुद्रय्या, त्यांचं बाजारपेठेत हार्डवेअरचं दुकान. संस्थेत त्यांच्या हाताखाली पीएचडी करायला आली तेव्हा बावीस-तेवीसची असेल. कॉरिडॉरच्या टोकाला उभी राहून ती रोज दुपारी घरी फोन करायची, "ऊटा आतेन अप्पा?" म्हणजे जेवलात का, आणि मग दहा मिनिटं ते भरभर कानडी, ज्यातलं सरनोबतांना अक्षर कळत नसे, पण त्या आवाजानं बरं वाटे, कारण कॉरिडॉरमध्ये बाकी सगळे इंग्रजीत कुजबुजत. ती एसटीएमवर काम करी. त्या यंत्राची सुई धातूच्या पृष्ठभागावरून जवळजवळ टेकल्यासारखी फिरते आणि कुठं भोवरा आहे ते एकेक ठिपका करून दाखवते. एक चित्र उतरायला तास-दीड तास. धातू थंड करायला द्रव हीलियम ओतला की तो उडून जायच्या आत होतील तेवढी चित्रं घ्यायची, मग पुन्हा पंधरा-वीस दिवस वाट बघायची. चित्रं छापून घेऊन महादेवी शेजारी मोजत बसे, हातानं, संगणक ते करत असूनही. पाचवाल्याला लाल स्केचपेन, सातवाल्याला निळं. "संगणक कडेचे ठिपके चुकवतो, सर," ती म्हणायची. तिच्या उजव्या तर्जनीला कायम निळा डाग असे. क्रांतीबाई दर गुरुवारी तिच्यासाठी डबा द्यायच्या आणि सरनोबत तो विसरून गाडीतच ठेवायचे. हे असलं सगळं आता भराभर वर येत होतं, आणि ज्या एका गोष्टीपाशी जायचं, तिच्याजवळ गेलं की मन गुमान वळून दुसरीकडं जात होतं, गाडीत राहिलेल्या डब्याकडं, स्केचपेनांकडं, तिच्या चपलांच्या आवाजाकडं.

ते उठले. स्नेहल काहीतरी म्हणाली, त्यांनी हात केला. रस्त्यावर उन्हाचा झोत एकदम तोंडावर आला. उजव्या गालाला तो भाजला, डाव्याला कळलाही नाही. घर डावीकडं होतं. ते उजवीकडं वळले. सातव्या गल्लीत, चष्म्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर एक पाटी होती: महादेवी मॅडम यांचे फिजिक्स, अकरावी, बारावी, नीट. दोन वर्षांपूर्वी कोल्हापुरात राहायला आल्या आल्याच ती त्यांच्या नजरेला पडली होती. त्या दिवसापासून ते आठव्या गल्लीनं जात. क्रांतीबाईंनी एकदा विचारलंही होतं, "अवं, हिकडनं जवळ पडतंय की, तिकडनं कशाला फेरा?" तेव्हा ते म्हणाले होते, तिकडं सावली असते. सावली नव्हती. क्रांतीबाईंनी ते पाहिलं होतं आणि पुढं काही विचारलं नव्हतं. आता चालता चालता खिशात फोन वाजला. क्रांतीबाईच.

"झालं व्हय?"

"झालं," ते म्हणाले, पण शब्द तोंडातच पसरला आणि भलतंच काहीतरी बाहेर पडलं.

"काय बोलायलाय, कळंना. बरं ऱ्हाऊ दे, बोलू नगासा. भात मऊ करून ठेवलाय. या सावकाश."

फोन ठेवल्यावर त्यांना वाटलं, भात जेवावा. घरी जावं, मऊ भात जेवावा, पडावं, उठल्यावर ओठ आपला झालेला असेल, मग नीट विचार करून तिला पत्र लिहावं. नीट विचार करून. सोळा वर्षांत ही वेळ आली नव्हती. ज्या वर्षी ती संस्था सोडून गेली, त्या वर्षी त्यांनी एकदा तिच्या गावाकडचा पत्ता काढला होता. अर्धवट राहिलेल्या प्रबंधाचे कागद पाठवायचे होते. शेवटी ते कार्यालयातल्या माणसानं पाठवले. ती गेली त्याचं कारण सगळ्यांना माहीत होतं. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, ती थोरली, दुकान बघायला कुणी नाही. निरोपाच्या चहाला आदर्शनं, त्यांच्या दुसऱ्या विद्यार्थ्यानं, बिस्किटं आणली होती, आणि महादेवीनं सगळ्यांना वाकून नमस्कार केला होता, त्यांना दोनदा. दोनदा का केला असेल, हे त्यांना तेव्हाही कळलं नव्हतं. झटका फेब्रुवारीत आला. पण ती आतून गेली होती त्याच्या आधी सहा महिने, हे त्यांना ठाऊक होतं. पावसाळ्यातच तिच्या बोटावरचा निळा डाग दिसेनासा झाला होता.

जिन्याच्या पहिल्याच वळणावर एक बाई फरशी पुसत होती. तिनं बादली आडवी ओढली. "कुणाकडं, पावणं?"

"महादेवी मॅडम," ते म्हणाले. बाहेर पडलं ते 'महादेई मॅम' असं काहीतरी. ओठाच्या कोपऱ्यातून थुंकी गळाली आणि ती त्यांना हनुवटीवर आल्यावरच कळली.

बाईनं त्यांना खालीवर न्याहाळलं. "दुपारच्याला पिऊन आलाय व्हय? वर पोरी हाईत. चला, निघा."

"नाही हो," त्यांनी रुमाल काढला, गाल दाखवला, दाताकडं बोट केलं. "दवाखाना. दात." सदुसष्ट वर्षांचा माणूस, पांढरा शर्ट, छातीवर पाण्याचा डाग, आणि तो एका अनोळखी बाईला खुणा करून पटवतोय की मी प्यायलेलो नाही. त्यांना एकाएकी रडू येईल असं वाटलं, आणि तेही तोंडाच्या एकाच बाजूनं येईल, याची लाज वाटली.

"शालूबाई, कोण आहे?" वरून आवाज आला. तो आवाज जरा जाड झाला होता, दिवसाला सहा-सहा तास शिकवून बसतो तसा बसलेला. पण 'कोण' म्हणताना वर जाणारा तो हेल तोच होता. मग ती जिन्याच्या तोंडाशी आली. केस कानांपाशी पांढरे, चष्मा, खांद्यावर खडूची भुकटी. तिनं खाली पाहिलं आणि कठड्यावरचा हात तसाच राहिला.

"सर?"

आतल्या खोलीत दोन खुर्च्या, एक टेबल, तपासायच्या उत्तरपत्रिकांचा ढीग. पलीकडच्या भिंतीमागं पोरांचा गलका. तिनं पंखा लावला, पाणी पुढं केलं, त्यांनी हातानंच नको म्हटलं. "क्लास सुरू व्हायला वीस मिनिटं आहेत," ती म्हणाली, आणि त्यात कडवटपणा नव्हता, नुसतं वेळापत्रक होतं. काकू कशा आहेत, तिनं विचारलं. तुम्ही कोल्हापुरात आलाय हे मला माहीत होतं, म्हणाली. अप्पांना जाऊन आठ वर्षं झाली, अव्वा, म्हणजे आई, धाकट्या भावाकडं, प्रभुलिंगकडं असते. तिनं स्वतः लग्न केलं नव्हतं. हे तिनं सांगितलं नाही. त्यांनी ते टेबलावरच्या एकट्या डब्यावरून ताडलं आणि लगेच, असं ताडणारे आपण कोण, असंही त्यांना वाटलं.

"निबंध आलाय एक," ते म्हणाले. एकेक शब्द धरून, उजव्या बाजूनं ढकलत. "तपासायला. दोन टप्पे. मधली अवस्था. तुझंच."

पंख्यानं वरची उत्तरपत्रिका उलटली, तिनं ती सरळ करून त्यावर डस्टर ठेवलं.

"तू बरोबर होतीस."

"सर, तुम्ही हे सांगायला आलात?"

"हो."

"एक विचारू?" तिनं चष्मा काढला. "मी तुम्हाला चौतीस चित्रं पाठवली होती. शुक्रवार होता, सोमवारी तुमचं परदेशात भाषण होतं. तुमचं उत्तर आलं, सुई खराब आहे, पुन्हा कर. मग मी केबिनमध्ये आले. विचारलं, सर, सगळी बघितलीत का? तुम्ही म्हणालात, बघितली." ती थांबली. "बघितली होती का?"

मन दुपारभर जिथवर जाऊन वळत होतं, ती ही जागा. त्यांना ती केबिन दिसली, उघडी सूटकेस, इस्त्रीचे शर्ट, संगणकावर तिचा मेल. पहिलं चित्र उघडलं होतं. ते अस्पष्ट होतं, पहिलं नेहमीच असतं, सुई बसायला वेळ लागतो, हे त्यांना जगात कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. सोमवारच्या भाषणाचं शीर्षक एक फटका असं होतं. त्यांनी संगणकावरची ती खिडकी बंद केली होती. पुढची तेहतीस उघडायला फार तर दहा मिनिटं लागली असती. भीती वाटली होती का? की नुसता कंटाळा? सोळा वर्षांनी त्यांना हेही सांगता येत नव्हतं.

"पहिलं," ते म्हणाले.

"पहिलं म्हणजे?"

"फक्त पहिलं."

पलीकडं कुणीतरी बाक सरकवला, हशा झाला. महादेवी त्यांच्याकडं बघत होती, पण राग त्यांना अपेक्षित होता तसा चेहऱ्यावर कुठं आला नाही. ती हळूहळू खुर्चीत मागं टेकली, पाठ दुखत असलेलं माणूस टेकतं तशी.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "तुम्हाला त्यात काहीतरी दिसलं होतं. जे मला दिसत न्हवतं. तुम्ही चौतीसही बघितली आणि तरी म्हणालात सुई खराब, म्हणजे काहीतरी असणारच की. पुढच्या हीलियमची पाळी तुम्ही आदर्शला दिलीत तेव्हाही मी म्हटलं, बरोबर आहे, सरांना दिसलंय. मी शोधत राहिले, सर. तिथं सहा महिने शोधलं. मग गडहिंग्लजला दुकानात बसून शोधलं. गिऱ्हाईक गेलं की कागद काढायचे. काय चुकलंय, काय चुकलंय. कितीतरी वर्षं. मग वाटलं, आपल्याला तेवढी नजरच न्हाय. असते एकेकाला, आपल्याला न्हाय. म्हणून हे," तिनं भिंतीकडं, पलीकडच्या गलक्याकडं हात केला. "हे वाईट न्हाय. पोरं चांगली आहेत. पण मी हे त्याच्यामुळं घेतलं."

ते म्हणाले, मी लिहितो. संपादकांना कळवतो, की हे आधी तू पाहिलं होतंस, तुझं नाव यायला पाहिजे. बोलता बोलता त्यांचा आवाज चढला, शब्द आणखी वाकडे झाले. मेल असतील, चित्रं असतील, शोधून काढू.

"मेल संस्थेचा होता, तो बंद झाला. डिस्क तिथंच राहिली. छापलेले कागद दुकानात होते." ती जराशी हसली. "अप्पांचा एक हात चालत न्हवता, दुसऱ्या हातानं ते पुड्या बांधायचे. मी एकदा आठवडाभर आजारी पडले. उठले तर निम्म्या कागदांत खिळे बांधून गेलेले. अप्पांना काय माहीत? मग उरलेले मीच दिले."

"मी आहे," सरनोबत म्हणाले. "मी साक्षीदार आहे."

"कशाचे, सर?" तिनं अगदी हळू विचारलं. "तुम्ही तर बघितलीच न्हाईत."

सरनोबतांना वाटलं, डाव्या गालासारखं बाकीचं अंगही इथं बसल्या बसल्या बधिर होईल तर बरं. पण उजवा कान सगळं ऐकत होता, पंखा, पोरं, खालचा हॉर्न, आणि तिचा श्वास. मग ती म्हणाली, "दाखवा." तपासायला आलेला निबंध दुसऱ्याला दाखवायचा नसतो, हा नियम त्यांनी आयुष्यभर पाळला होता. त्यांनी मोबाइल तिच्या हातात दिला.

ती पहिल्या पानापासून वाचू लागली. आकृती आली की दोन बोटांनी मोठी करायची, कोपऱ्यापासून सुरू करून ओळीनं बघत जायची, ओठांतल्या ओठांत मोजत. पाच, सात. पाच, सात. पुढच्या आकृतीत एक सुटा पाच, त्याच्या शेजारी सात नाहीच. तिथं ती थांबली, मान हलवली, पुढं गेली. दारात एक मुलगी आली, "मॅडम, पावणेचार झाले." "बसा, आले," ती वर न बघता म्हणाली. ती मुलगी गेली, गलका वाढला, कुणीतरी बाक वाजवला. महादेवी बघत राहिली. अकरा आकृत्या होत्या. तिनं अकराही बघितल्या, शेवटच्या पानावरची बारीक अक्षरातली टीपसुद्धा वाचली. सरनोबत तिच्या तोंडाकडं बघत होते. तिथं कधी कधी असं काही येऊन जात होतं, की त्यांना दुसरीकडं बघावंसं वाटे, पण त्यांनी नजर काढली नाही.

"चांगलं काम आहे," तिनं मोबाइल परत दिला. "फार चांगलं. हे नाकारू नका, सर."

"नाही."

"सगळं वाचा आधी. मग लिहा."

"हो."

ती उठली, डस्टर उचललं, खडूचा डबा घेतला. दारापर्यंत गेली आणि तिथं थांबली. "त्यांच्याकडं एक न्हाय. माझं सतरावं. त्यात ओळी नुकत्या तुटायला लागलेल्या. एका कडेला अजून सगळं सरळ, आणि मधनं, हे असं," तिचा हात हवेत तिरपा गेला आणि थांबला. "तुम्ही बघायला पाहिजे होतं. फार देखणं होतं, सर."

"काढून दाखवशील?"

हे त्यांनी कसं विचारलं, त्यांनाच कळलं नाही. ती परत आली. ढिगातली एक कोरी पुरवणी ओढली, लाल पेनाचं टोपण काढलं, वाकली. एक ठिपका दिला. दुसरा. तिसरा. चौथ्यासाठी पेन कागदाच्या अगदी जवळ गेलं आणि तसंच राहिलं. पलीकडच्या खोलीतला गलका कशानं तरी एकदम शांत झाला होता. मग तिनं टोपण लावलं.

"न्हाय आठवत," ती म्हणाली. "जाताना पंखा बंद करा."

भिंतीपलीकडं पोरं उभी राहिल्याचा आवाज झाला, मग बसल्याचा. सरनोबतांनी पुरवणी जवळ ओढली. तीन ठिपके होते. त्यांनी बोटाच्या पेरानं एकापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर मोजलं, मग दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंतचं, मग तिसऱ्यापासून पहिल्यापर्यंतचं. पुन्हा एकदा मोजलं. तिन्ही अंतरं सारखी होती, केसाएवढाही फरक नव्हता.